तुझ्या ओटीतला खण

२ मे २०२५
मुलींचं वसतिगृह, बेळगाव

सौम्या,

तुझी कॉट रिकामी आहे. मी सोमवारी गावाहून परतले तर गादी गुंडाळलेली, कपाट उघडं, आणि खिळ्याला तुझी एक ओढणी तेवढी राहिलेली. शेजारच्या खोलीतली मुलगी म्हणाली, "तिचे आप्पा आलते काल. अर्ध्या तासात सगळं भरलं. ती रडत होती की काय, मी नीट बघितलं न्हाय." तुझा फोन बंद लागतो. तुला कणकुंबीला आत्याकडे ठेवलंय असं गावातून कळलं. तिथे रेंज नसते, म्हणून पत्र लिहिते आहे.

तुला एवढ्या घाईने का नेलं ते मला माहीत नाही. सोळा जूनला आपला बी.एड.चा शेवटच्या सेमिस्टरचा पहिला पेपर आहे. तू तयारीत माझ्यापुढे होतीस, म्हणजे तशी सगळ्यातच असतेस.

तरी अभिनंदन करायला हवं. गेल्या शनिवारी अनगोळला कल्याणी मॅडमच्या घरी मी उशिरा पोहोचले, कारण पाठाचं टाचण द्यायला मला कॉलेजात थांबवलं होतं. तू पुढे गेली होतीस. मीच तुला म्हटलं होतं की मॅडमच्या पुस्तिकेसाठी कन्नड चांगलं येणारी मुलगी हवी आहे, चल. मी चपला काढत होते आणि दार उघडं होतं. तू पाटावर बसली होतीस. मॅडम तुझ्या पदरात, म्हणजे ओढणीतच, हिरवा खण घालत होत्या. मग नारळ, मग तांदूळ. मॅडमचा श्रेयस आतल्या दाराशी उभा राहून हसत होता. मी चपला परत घातल्या आणि निपाणीची गाडी पकडली.

आपल्या गावात लग्न ठरल्याशिवाय परक्या घरी पोरीची ओटी भरत नाहीत, हे मी तुला सांगायला नको. मुलीकडची पाच माणसं बसलेली असतात, तेव्हा कुठे मुलाची आई खणाला हात लावते. तू तर एकटीच बसली होतीस. एवढं पुढे गेलं होतं तर खोलीत शेजारी झोपणाऱ्या मुलीला एका शब्दाने सांगता आलं असतं. मी वर्षभर दर शनिवारी त्या घरी जाते. तू पहिल्यांदा गेलीस.

मी कुणाजवळ काही बोलले नाही. एवढा विश्वास ठेव.

तेजस्वी

११ मे २०२५
बेळगाव

सौम्या,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "माझी कुठलीच सोयरीक झालेली नाही. मॅडमनी घरची रीत म्हणून ओटी भरली. आईला हे कुणी आणि कसं सांगितलं ते तूच सांगू शकतेस. खरं लिही."

खरं लिहिते. त्या शनिवारी निपाणी स्टँडवर तुझी आई भेटली. भाजीची पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवून गाडीची वाट बघत होती. नागुकाकूंनीच विचारलं, "तेजू, आमची सौम्या न्हाय आली गं?" मी म्हटलं, "ती कशाला येतीया आता? अनगोळात मॅडमनी तिची ओटी भरली आज." बस्स. एवढंच. विचारलं त्याचं उत्तर दिलं. बघितलं ते सांगितलं. त्याला चुगली म्हणत असशील तर म्हण.

घरची रीत म्हणे. कुणाच्या घरची? मॅडम मराठी बोलतात, त्यांच्याकडे श्रावणात पुरण असतं, दारात तुळस आहे. रीत असती तर माझ्या बाबतीत का नव्हती? मला तिथे काय मिळालं ते सांगू? चहा. कधी चहाबरोबर शंकरपाळी. "तेजस्वी, ही यादी सुवाच्य अक्षरात उतरव." आपल्या जिल्ह्यातल्या नव्या शिक्षकांसाठीची ती पुस्तिका, सारखे ऐकू येणारे आणि दोन भाषांत वेगळे अर्थ असलेले शब्द, ती मी उतरवते आहे. कन्नड गुरुजींनी 'मळे' काढा म्हटलं, म्हणजे पाऊस, तर मराठी घरातल्या मुलांनी ऊस आणि विहीर काढली, आणि गुरुजींनी सगळ्यांना भोपळा दिला, हा दाखला मी शोधून आणला होता. तू गेलीस, पाच मिनिटांत अस्खलित कन्नडमध्ये दहा शब्द जास्तीचे सांगितले असशील, आणि पाटावर बसलीस.

तुझ्या आप्पांनी दूरचा विचार करून तुला कन्नड शाळेत घातलं. मला दूरचा विचार करायला कोण होतं? माझे वडील मी तिसरीत असताना गेले. आईने मला जवळच्या मराठी शाळेत घातलं कारण ती जवळ होती आणि तिला विड्या वळायच्या होत्या. हे तुला मुद्दाम लिहिते. तुला सगळं आपोआप मिळतं असं तुला वाटू नये म्हणून.

तुला खणाबद्दल आप्पा रागावले असतील. दोन दिवसांत निवळेल. पुस्तकं पाठवू का?

तेजस्वी

१९ मे २०२५
बेळगाव

सौम्या,

आज मी अनगोळला गेले होते. यादी द्यायच्या निमित्ताने गेले, खरं तर बघायला गेले की त्या घरात लग्नाची काही तयारी दिसते का.

मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "सौम्या का येत नाही गं? हुशार आहे मुलगी."

मी म्हटलं, "आता तिचं लग्न ठरलं ना मॅडम. तुमच्याकडेच."

त्या आधी हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. "आमच्याकडे? कुणाशी?"

मी ओटीचं सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, "अगं, माझं माहेर धारवाडचं. आमच्या घरी पहिल्यांदा उंबरा चढलेल्या बाईला, मुलीला रिकाम्या हाती पाठवत नाहीत. उडी भरतात, म्हणजे तुमची ओटीच. माझ्या आईने जनगणनेला आलेल्या मुलीचीसुद्धा भरली होती, ती बिचारी फॉर्म सोडून पळायच्या बेतात होती. त्यात लग्नाचं काय आलं?"

मी विचारलं, "मग माझी का नाही भरली?" माझा आवाज तुला ऐकवला नसता.

"तूच नको म्हणालीस की. मी कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आले, तर तू हात पुढे करून थांबवलंस. 'मॅडम, जे माझ्या आईला कुणी लावत नाही ते मी घेत नाही,' म्हणालीस. मला ते फार आवडलं होतं. खण मी परत कपाटात ठेवला."

हो. म्हणाले होते. पंधराव्या वर्षी ठरवलं होतं मी ते. विधवा म्हणून आईला हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या दाराने जाताना बघितलं होतं. मला वाटलं मॅडम नुसतं कुंकू लावायला आल्या आहेत. ताटात मागे काय होतं ते मी पाहिलंच नाही.

म्हणजे तो खण आधी माझा होता. बघ, एवढं सगळं कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच. तुझा विचार नंतर आला.

तेवढ्यात श्रेयस कोर्टातून आला. मॅडम त्याला म्हणाल्या, "अरे, सौम्याच्या घरी मोठाच गैरसमज झालाय." तो बूट काढता काढता म्हणाला, "सौम्या म्हणजे या दोघींतली कुठली? उंच ती की ही?"

मी समोर उभी होते, सौम्या. वर्षभर दर शनिवारी मी त्या घरात जाते. मी त्याच्यासाठी म्हणून शनिवारी घालायला निळा कुर्ता राखून ठेवलेला तुला माहीत आहे, तू चिडवायचीस. त्याला मी आणि तू यातली कुठली कोण हेही सांगता येत नाही. तो हसत होता ते कदाचित क्रिकेटच्या स्कोअरवर असेल. फोन होता त्याच्या हातात. तेही आता आठवतं.

खरं तर तुला नीट सांगायला हवं. मागच्या पत्रात मी लिहिलं की तुझ्या आईला मी 'मॅडमनी ओटी भरली' असं म्हटलं. तसं नाही म्हटलं. काकूंनी विचारलं, "कुणी भरली?" तेव्हा मी म्हटलं, "मुलाच्या आईनं."

मला 'मॅडम' हा शब्द येत होता. तो जिभेवर होता.

तेजस्वी

२९ मे २०२५
बेळगाव

सौम्या,

मी गप्प बसले नव्हते. मॅडमना सांगून तुझ्या आप्पांना फोन करायला लावला. त्यांनी दोनदा समजावून सांगितलं. त्याचं उलटंच झालं. माझी आई सांगत होती, आप्पा चावडीजवळ बोलत होते, "शेरातल्या मोठ्या लोकांनी आदी वटी भरली, आन आता झाकायला फोन करत्यात." तुझ्या बॅगेत तो हिरवा खण सापडला म्हणे, घडी न मोडलेला. त्यामुळे तू कितीही नाही म्हणालीस तरी कुणाला पटत नाही.

आणि तुझ्या मामाच्या आदर्शचं ऐकलं. आठ जूनला मामाकडचे तारीख धरायला येणार. आदर्श वाईट नाही, मला माहीत आहे. पण तू त्याला लहानपणापासून भाऊ म्हणत आलीस.

तुझ्या पत्रात एकच वाक्य होतं. "आप्पा फोनवर कुणाचं ऐकत नाहीत, तू स्वतः जा."

जाऊ कशी? माझं ऐकून तर घे. सव्वीस जानेवारीला गावात भाषण कोण करतं? मी. विड्या वळणाऱ्या बायका मला 'आमची मास्तरीण' म्हणतात, त्यांचे फॉर्म माझ्याकडे येतात, का, तर तेजू खोटं लिहायची न्हाय. आईने नाकातली चमकी मोडून माझं पहिलं वर्ष भरलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण "पोरगी खऱ्याची हाय" हे रोज सांगते. मी तुझ्या आप्पांसमोर उभी राहून काय म्हणू? की मी जळत होते?

तुझ्यावर मी आजही जळते, हे लपवून काय उपयोग. तुला घरात कोंडून ठेवलंय, तरी मला असं वाटतं की तुला कोंडायला तरी कुणीतरी आहे. माझी आई मला विचारतही नाही कुठे जातेस म्हणून. तिला वाटतं शिकलेल्या पोरीला काय विचारायचं. हे किती वाईट लिहिलं मी. खोडत नाही.

आठवडाभरात काहीतरी करते.

तेजस्वी

७ जून २०२५
गाव

सौम्या,

आज सकाळी गेले. उद्या मामाकडचे येणार म्हणून तुमच्या अंगणात सारवण चाललं होतं. नागुकाकूंच्या हाताला शेण होतं. त्यांनी मला बघून पाट सरकवला. मी बसले नाही.

भरमाआप्पा सोप्यात तंबाखूच्या पानांच्या जुड्या बांधत होते. मी म्हटलं, "आप्पा, सौम्याची कुठं सोयरीक झाली न्हाय. मी खोटं बोलले."

"मास्तरीण बाई आल्या," ते वर न बघता म्हणाले. "फोन झाला, आता तू आलीस. उद्या कोण येतंय?"

"त्या बाईंच्या माहेरची रीत हाय ती. पहिल्यांदा येणाऱ्या कुणाचीबी भरत्यात. मला म्हाईत नव्हतं. पन ते म्हाईत नव्हतं म्हणून बोलले न्हाय मी. मला राग आलता. सौम्याचा. त्या पोराच्या घरात माझ्याआधी तिला मान मिळाला म्हणून. काकूंनी इचारलं कुणी भरली, तवा मी मुद्दाम 'मुलाच्या आईनं' म्हटलं."

जुडी त्यांच्या हातातच राहिली. काकू पुढे आल्या. "मुद्दाम?"

"व्हय काकू."

"मी स्टँडवर खाली बसले त्या दिवशी. भाजीची पिशवी गाडीतच इसरले. आन तू मुद्दाम?" त्यांनी हात उगारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी शेणाचे हात तसेच पदराला पुसले.

आप्पांनी हातातल्या जुडीची गाठ आवळली. मग विचारलं, "ती तुला पत्र लिवती?"

"लिहिते."

"जेवती का? कणकुंबीची आक्का म्हणती ताटावर बसती आन उठती."

"लिहिलं न्हाय तिनं तसलं काही."

"मला तर एक अक्षर न्हाय." ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मी तिला इचारलं, बाळ, खरं सांग. ती म्हणाली, न्हाय आप्पा. आन मी म्हटलं, मग ह्यो खण कसला? पोरीला म्हटलं मी. माझ्या पोरीला." आणि त्यांनी डोळे बाहीला पुसले, जुडीसकट, पानाचा चुरा डोळ्यात गेला आणि काकू पाणी आणायला पळाल्या.

मी तिथे उभी राहून काय विचार करत होते सांगू? की माझ्यासाठी असं कुणी रडलेलं मी पाहिलं नाही. त्या क्षणीसुद्धा. मला स्वतःची लाज वाटली, पण ती लाज जळण्यानंतर आली.

आप्पा तोंड धुऊन आले आणि उंबऱ्यात उभे राहिले. म्हणाले, "मला सांगून काय उपेग? नागी स्टँडवरनं आली ती रडतच आली, गल्लीतल्या समद्या बायकांनी ऐकलं. आदर्शच्या आईलाबी ठावं हाय. गावात आता पोरगी परस्पर वटी भरून आलेली हाय. तू मला एकट्याला सांगशील, आन मी गप बसू व्हय? त्या बायकांत जाऊन सांग. तुझ्या आईच्या फुड्यात सांग. मग बघू."

मी म्हटलं, "सांगते."

ते म्हणाले, "आजच."

तेजस्वी

१० जून २०२५
बेळगाव

सौम्या,

तुला हे पत्र शुक्रवारपर्यंत मिळेल असं पोस्टातले म्हणाले.

त्याच दुपारी मी देवळासमोरच्या कट्ट्यावर गेले. बायका सुपं घेऊन बसल्या होत्या, आई कडेला, खांबाला टेकून. मी उभ्याने सांगितलं. भाषणासारखं होऊ नये म्हणून मी हात मागे बांधले होते. जे आप्पांना सांगितलं तेच सांगितलं, श्रेयसचं नाव सोडून. कुणी विडी वळायचं थांबलं नाही. मग एकजण म्हणाली, "आगं बया, आन आमच्या फॉर्मवर काय काय लिवलंस तू?" दोघी हसल्या. एकीने विचारलं, "पोराचा नाद होता व्हय तुला?" मी 'व्हय' म्हटलं. तेव्हा कुणी हसलं नाही.

आईने मान वर केली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मला आदी सांगायचं होतंस. मी तुझ्याबरं उभी राहिले असते." मग भाकरी थापायला बसली. माझ्याशी अजून फार बोलत नाही.

तुझ्याकडे काय झालं ते तुझ्या आईने माझ्या आईला सांगितलं, म्हणून कळलं. रविवारी मामाकडचे आले, जेवले. आप्पांनी तारीख धरली नाही. "पोरीचे पेपर होऊंद्यात, तिला इचारतो आन सांगतो," म्हणाले. मामी रुसून गेली. हे सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. 'इचारतो' म्हणाले आहेत, एवढंच. तू काय सांगायचं ते तुझं तू ठरव. शनिवारी आप्पा तुला न्यायला जांबोटीच्या गाडीने येतील.

तुझं हॉल तिकीट ऑफिसातून मिळालं नाही, सही तुझीच लागते म्हणाले. सोमवारी, पेपरच्या दिवशी, नऊच्या आत ऑफिसात ये, क्लार्क नऊला येतो. काळं पेन आण. फोटो लागतो, तुझा एक जुना माझ्या पुस्तकात होता तो मी ऑफिसात देऊन ठेवला आहे. मी खोली बदलून घेतली आहे, वरच्या मजल्यावर. तुला माझं तोंड सकाळी उठल्या उठल्या बघावं लागणार नाही. मॅडमची पुस्तिका मी सोडली नाही, पण मुखपृष्ठावर तुझंही नाव घालायला सांगितलं. हे सांगताना मला चांगलं वाटलं नाही. तरी सांगितलं.

माफी मी या पत्रात मागत नाही. ती मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुला आता शिक्षणशास्त्राचे सहा धडे वाचायचे आहेत.

बैठक व्यवस्था लागली आहे. तुझा नंबर माझ्या बरोब्बर पुढचा. तीन तास मला तुझी पाठ दिसेल. तू नेहमीप्रमाणे पहिल्या तासातच हात वर करून पुरवणी मागशील, आणि मला जळायला होईल, मी ओळखते मला. होऊ दे. तू ये आणि माग.

तेजस्वी